अंगणातला कुत्रा



आज आपण कुत्र्याविषयी बोलणार आहोत. हे ऐकून मागच्या बाजूला कुणीतरी हसले. हसू द्या. पण गावातली भांडणे जरा आठवून पाहा. बांधाचे भांडण पहिले, पाण्याचे दुसरे. तिसरे भांडण बहुधा कुत्र्याचे निघते. "तुमच्या कुत्र्यानं आमची कोंबडी नेली." "तुमचा कुत्रा आमच्या पोराच्या अंगावर आला." एवढ्यावरून दोन घरांचे जाणेयेणे बंद पडते. कधी कधी गोष्ट भांडणावरही थांबत नाही, जिवावर बेतते. म्हणून हा विषय घेतला आहे.

कुत्र्याला आपल्याकडे मान आहे. खंडोबाजवळ कुत्रा असतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा कोरडी कशी खाणार म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकली आहे. धनगराचा कुत्रा मेंढरांपाशी रात्रभर जागतो. शेतातल्या वस्तीवर तर कुत्र्याशिवाय रात्र काढणे कठीण. हे सगळे खरे. आणि तरी त्याच कुत्र्याला आपण साखळीने खुंटाला बांधतो, शिळा तुकडा लांबून फेकतो आणि म्हणतो, हा असा का वागतो?

उत्तराला म्हण तयार असते. 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.' शेपटाचे आम्हांला मान्य आहे. शेपटात हाड आहे, ते नळीने सरळ होणार नाही. पण वागणे हाडाचे नसते. ते सवयीचे असते, आणि सवय लावावी तशी लागते. आपण कुत्र्याला काहीच शिकवत नाही असे आपल्याला वाटते. तेव्हाही तो आपल्याकडून शिकतच असतो.

कसे ते पाहा. घरातली माणसे जेवायला बसली. कुत्रा दारात येऊन भुंकू लागला. आजी म्हणाली, "घाला रे त्याला तुकडा, कान किटले माझे." तुकडा पडला. कुत्रा गप्प झाला. आजीला वाटले, आपण त्याला गप्प केले. पण कुत्रा काय शिकला? भुंकले की भाकरी मिळते. उद्या तो लवकर येईल आणि जोराने भुंकेल.

आता दुसरे पाहा. दूधवाला रस्त्याने चालला आहे. कुत्रा भुंकत त्याच्यावर धावला. दूधवाला पुढे निघून गेला. तो जाणारच होता, त्याला पुढच्या घरी दूध घालायचे आहे. पण कुत्र्याला वाटते, मीच त्याला हाकलला. असा विजय त्याला रोज सकाळी मिळतो, रोज संध्याकाळी मिळतो. मोटारसायकलमागे धावणाऱ्या कुत्र्याचेही असेच. मोटारसायकल नेहमी पळूनच जाते. मग कुत्र्याने धावणे का सोडावे?

रशियात इव्हान पावलॉव्ह नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. अन्न कसे पचते याचा अभ्यास ते कुत्र्यांवर करीत. त्या कामासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न तोंडात पडले की लाळ सुटते, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण पावलॉव्ह यांच्या ध्यानात आले की, खाणे देणारा माणूस नुसता दिसला तरी कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. मग त्यांनी आधी एक आवाज करायचा आणि मागून खाणे द्यायचे, असे पुष्कळदा केले. काही दिवसांनी नुसता आवाज ऐकून लाळ गळू लागली. म्हणजे दोन गोष्टी एकामागून एक आल्या की कुत्रा त्यांची गाठ मारून ठेवतो. आपल्या अंगणात ही गाठ रोज बसते. चांगली बसवायची की वाईट, एवढे आपल्या हाती आहे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात धरा. गाठ बसते ती त्याच क्षणी. कुत्र्याने चांगले केले, तर दोन आकडे म्हणायच्या आत त्याला तुकडा मिळाला पाहिजे. सकाळच्या कामाचे बक्षीस संध्याकाळी देऊन कुत्र्याला काही कळत नाही. सकाळच्या चुकीची शिक्षाही संध्याकाळी कळत नाही.

शिक्षेचा विषय निघाला आहे तर बोलून टाकू. आपल्याकडे कुत्र्याला शिकवायचे म्हणजे काठी, अशी समजूत आहे. समजा, कुत्रा शेजारच्या परड्यात गेला. मालकाने हाक मारली. कुत्रा शेपूट हलवीत आला. आला तसे मालकाने त्याला बडवले. मालक म्हणतो, पुन्हा जाणार नाही. पण कुत्र्याने काय गाठ मारली? हाक ऐकून गेलो की मार बसतो. पुढल्या वेळी तो हाकेला येणार नाही. हाकेला आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये. तो कितीही उशिरा आला, कितीही खोडी करून आला, तरी नाही. मार खाल्लेला कुत्रा शहाणा होत नाही. तो काठीवाल्याला भितो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो. मग काठी टेकत येणारे एखादे म्हातारे आबा त्याच्या तावडीत सापडतात. त्यांचा काय दोष?

मग शिकवायचे कसे? सुरुवात पिल्लापासून करावी. पुष्कळ लोक डोळे उघडले की पिल्लू उचलून आणतात. तसे करू नये. निदान दोन महिने ते आईपाशी आणि भावंडांत राहू द्यावे. खेळताना पिल्ले एकमेकांना चावतात. जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो. दात किती लावावा, हे पिल्लू तिथे शिकते. लवकर उचललेले पिल्लू हा धडा चुकवते, आणि त्याची उणीव पुढे आपल्या पोरांच्या हातापायांना जाणवते.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. या काळात पिल्लाने जे शांतपणे पाहिले, त्याला ते पुढे सहसा बिचकत नाही. म्हणून आपल्याच अंगणात त्याला सगळे दाखवावे. लहान मूल दाखवावे. पागोट्याचा माणूस, छत्री घेतलेली बाई, काठी टेकणारा म्हातारा दाखवावा. बैल, शेळी, कोंबडी दाखवावी. मोटारसायकलचा आवाज लांबून ऐकवावा. घाई करू नये. पिल्लू अंग चोरू लागले की थोडे मागे घ्यावे. प्रत्येक नवी गोष्ट दिसली की एक तुकडा द्यावा. भाकरीचा चालेल, उकडलेल्या अंड्याचा असला तर उत्तमच.

आता शब्द. शब्द थोडे असावेत आणि घरातल्या सगळ्यांचे एकच असावेत. आम्ही एका घरी पाहिले. बाप म्हणे "बस". शहरातून आलेला मुलगा म्हणे "सिट". आजी म्हणे "बैस की रे मेल्या". कुत्रा तिघांच्या तोंडाकडे पाहत उभा! कुत्र्याशी इंग्रजी बोलायची रीत आपल्याकडे पडली आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. कुत्र्याला कोणतीही भाषा चालते. पण एका घरात एका कामाला एकच शब्द असू द्या. "ये", "बस", "थांब", "सोड" एवढे चार शब्द खेड्यातल्या घराला पुरतात.

"बस" असे शिकवा. मुठीत भाकरीचा तुकडा धरा. मूठ कुत्र्याच्या नाकासमोर न्या, आणि हळूहळू त्याच्या डोक्यावरून मागे सरकवा. तुकड्याकडे पाहता पाहता त्याचे तोंड वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकते. टेकले की "बस" म्हणा आणि तुकडा द्या. पाठीवर दाब देऊ नका. एका वेळी पाच मिनिटे पुरे. दिवसातून दोनदा, त्याच्या जेवणाच्या आधी. भुकेला शिष्य मन लावून शिकतो. बसणे चांगले जमू लागले की तोच शब्द आधी म्हणा, हात मागून हलवा. आठ-पंधरा दिवसांत मूठ रिकामी असली तरी तो बसेल. पण मधून मधून तुकडा चालू ठेवा. शाबासकी कुणाला नको असते?

हे बसणे फार कामाचे आहे. कुत्रा पाहुण्याच्या अंगावर उड्या मारतो, पांढरे धोतर मातीने माखते. आपण त्याला ओरडून ढकलतो, त्याला तो खेळ वाटतो. ढकलू नका. पाठ फिरवा, हात छातीशी घ्या, अवाक्षर बोलू नका. चारी पाय जमिनीवर आले की "बस" म्हणा. बसला की कुरवाळा. घरातल्या सगळ्यांनी हे केले तर चालते. एकाने लाड केले आणि दुसऱ्याने पाठ फिरवली, तर काही उपयोग नाही.

कोंबड्यांचे काम जास्त चिकाटीचे. कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधा आणि कोंबड्यांपासून पंधरा-वीस पावलांवर उभे राहा. तो कोंबड्यांकडे टक लावील. त्याला हाक मारा. त्याने मान वळवून तुमच्याकडे पाहिले की लगेच तुकडा. पाहत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात, आणखी मागे सरका. रोज थोडे थोडे अंतर कमी करायचे. महिना लागेल, कुणाला दोन लागतील. तोवर कुत्रा आणि कोंबड्या एकटे ठेवू नका, कारण एकदा कोंबडी तोंडात आली की आपले सगळे शिकवणे त्या चवीपुढे फिके पडते. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधतात, तो प्रकार घाणेरडा आहे आणि निरुपयोगीही आहे.

अंगण उकरण्याची तक्रार बायका करतात. सारवलेल्या अंगणात खड्डा पाहून राग येणारच. पण उन्हाळ्यात कुत्रा गार मातीसाठी उकरतो. सावलीत ओले पोते टाका, पाण्याची परात ठेवा, अर्धी तक्रार मिटेल.

आता साखळीविषयी. कुत्रा बांधूच नये असे आम्ही म्हणत नाही. थोडा वेळ बांधावा लागतो. पण दिवसरात्र बांधलेला कुत्रा राखण करीत नाही, तो सुडाला पेटतो. त्याला पळून जाता येत नाही. म्हणून जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तो तुटून पडतो.

आम्ही नोकरीत होतो तेव्हा, २०१२ च्या पावसाळ्यात, असे घडले. शाळेच्या वाटेवर एक वस्ती होती. तिथे लिंबाखाली एक तांबडा कुत्रा कायम बांधलेला असे. पोरे जाता-येता त्याला खडे मारीत. कुणी "छू छू" करून त्याला चिडवी. एके सकाळी जुनी साखळी तुटली. तिसरीतल्या एका मुलीच्या पोटरीचा त्याने लचका तोडला. मुली रडत शाळेत आल्या. तिला हातपंपाखाली बसवले. एकाने पंप मारला, आम्ही साबण लावून जखम धूत राहिलो. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. तोवर तिची आजी धावत आली. तिच्या मुठीत तिखट होते. "गुरुजी, हे भरा जखमेत, इख उतरतं." आम्ही म्हणालो, "आजी, तिखट राहू द्या, पोरीला धरून बसा. आपल्याला आरोग्य केंद्रात जायचं आहे."

तिथे डॉक्टरांनी लस सुरू केली. जखम खोल होती, म्हणून जखमेत भरायचे सीरमही लागले. ते मोठ्या सरकारी रुग्णालयात मिळाले. पहिली लस दिली तो दिवस शून्य धरतात. मग ३ रा, ७ वा आणि २८ वा दिवस. दंडाच्या स्नायूत लस देतात तेव्हा १४ वा दिवसही असतो. डॉक्टर कार्डावर तारखा लिहून देतात, त्यातली एकही चुकवायची नाही. पोटात चौदा इंजेक्शने देण्याचा काळ केव्हाच गेला. त्या भीतीने अजून लोक घरी बसतात, म्हणून मुद्दाम सांगतो. मुलीची आजीही त्याच भीतीने आधी नको म्हणत होती. मुलीने सगळ्या लसी घेतल्या. ती पुढे चांगली शिकली.

इकडे वस्तीवर लोक काठ्या घेऊन जमले. "गुर्जी, याला ठेवायचाच न्हाई." आम्ही त्यांना थांबवले. कुत्रा मारला तर त्याला रेबीज होता की नाही, ते नजरेने कळणार कसे? चावणारा कुत्रा सापडला तर त्याला दहा दिवस कोंडून पाहायचे असते. दहा दिवस तो ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे समजतात. पण दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, असे कधी करू नका. लस आधी सुरू करायची, कुत्रा मागून पाहायचा. तो तांबडा ठणठणीत राहिला. दोष रोगाचा नव्हता, साखळीचा होता.

वस्तीचे मालक दादा समजूतदार गृहस्थ. त्यांनी परड्याला तारेचे कुंपण घातले, फाटकाला कडी लावली आणि साखळी काढली. सकाळ-संध्याकाळ दोरी लावून कुत्र्याला शेताकडे फिरवू लागले. शाळा सुटायच्या वेळी दादा स्वतः कुत्र्यापाशी उभे राहत, कुंपणापासून पुष्कळ आत. मुले रस्त्यावर दिसली, की कुत्र्याने तोंड उघडायच्या आत एक तुकडा. पुन्हा मुले, पुन्हा तुकडा. मुले गेली की तुकडे बंद. पावलॉव्ह यांचे नाव दादांनी ऐकले नव्हते, पण काम तेच. दिवाळीनंतर आम्ही पाहिले, तर मुले दिसताच तांबडा दादांच्या खिशाकडे पाही! आम्ही शाळेतही पोरांना ताकीद दिली की, त्या वाटेवर खडा मारणाऱ्याची गाठ आमच्याशी आहे. तरी दादांनी फाटकाची कडी कधी उघडी ठेवली नाही, आणि मुलांना त्याच्यापाशी एकटे सोडले नाही. ते योग्यच केले. एकदा चावलेल्या कुत्र्यावर भरवसा ठेवावा, पण कडी लावून.

पोरांनाही शिकवायला हवे. जेवणाऱ्या कुत्र्याजवळ जायचे नाही. झोपलेल्याला हात लावायचा नाही. व्यालेल्या कुत्रीच्या पिलांना तर मुळीच नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही. झाडासारखे उभे राहायचे, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. कुत्रा बहुधा हुंगून निघून जातो. खाली पडलोच, तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाकायचे. आणि चावला किंवा ओरखडले तर घरी लपवायचे नाही. मार बसेल म्हणून मूल लपवते. तेव्हा अशा वेळी मुलाला रागावू नका.

भुंकणारा कुत्रा चावत नाही, असे म्हणतात. ती म्हण खोटी आहे. भुंकणाराही चावतो. शेपूट हलवणाराही चावतो. शेपूट ताठ, वर धरलेले आणि अंग काठीसारखे झाले असेल, तर त्या हलण्याचा अर्थ प्रेम नव्हे. गुरगुर ऐकली तर थांबा आणि मागे व्हा. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका. तो बिचारा सांगून ठेवतो आहे. सांगायला बंदी केली, तर पुढल्या वेळी न सांगता चावेल.

शेवटी लसीविषयी, पण कुत्र्याच्या. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत जातो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चढतो. पाण्याची भीती वगैरे लक्षणे एकदा दिसली की त्यावर औषध नाही, माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभरातही दिसतात, कधी वर्ष लागते. म्हणून जखम भरली, आता काय होतंय, असे म्हणून लस सोडू नये. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचून घेण्याची व्यवस्था केली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी फाडले होते. तो वाचला. मोठा झाल्यावर तो पाश्चर यांच्याच संस्थेत द्वारपाल झाला. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ ला वारले. त्या तारखेला आता जागतिक रेबीज दिन पाळतात.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि रेबीजची लस टोचून आणा. पुढचा डोस केव्हा ते डॉक्टर सांगतील, आणि मग दर वर्षी एकदा. न्यायच्या आधी चार दिवस त्याच्या तोंडाला हात लावायची, पंजा धरायची सवय करा, म्हणजे दवाखान्यात ओढाताण होणार नाही. दाखला मिळेल तो रेशनकार्डाबरोबर पेटीत ठेवा. आणि टोचल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा. मुलाकडून लिहून घेऊ नका. तुम्हांला आता लिहिता येते, तुम्हीच लिहा.